जेटमध्ये घातलेली तार

मी एक जुना आणि पुरता हट्टी कार्बोरेटर आहे, मित्रांनो. तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी माझ्या जातीतले कोणी पाहिलेही नसेल. आजकालच्या गाड्यांत आमचे काम दुसरीच यंत्रणा करते आणि तिला म्हणे सगळे आपोआप कळते. कळू दे बापडीला! पण एके काळी माझ्यावाचून गाडीचे पान हलत नव्हते, हे मी छाती पुढे काढून सांगतो.

माझे काम ऐकायला सोपे आहे. पेट्रोल आणि हवा यांची मापात सांगड घालायची आणि ती इंजिनाला द्यायची. पेट्रोल कमी पडले की इंजिन खोकते आणि जास्त झाले की काळा धूर ओकते. दुकानदाराने मापात पाप केले तर गिऱ्हाईक दुकान बदलते, पण माझ्या मापात पाप झाले तर इंजिनाने जायचे कुठे? म्हणून मी मापाच्या बाबतीत पहिल्यापासून कडक होतो.

माझा जन्म ओतशाळेतला. वितळलेला धातू साच्यात ओतला, तो निवला आणि मी खडबडीत, राखाडी अंगाने बाहेर आलो. मग मला घासले, भोके पाडली, झडपा बसवल्या. माझ्या पोटात एक छोटी टाकी आहे. तिच्यात पितळेचा पोकळ फ्लोट तरंगतो आणि पेट्रोल ठरलेल्या रेषेपर्यंत आले की येणारी वाट बंद करतो. त्या टाकीच्या तळाशी जेट बसतो. जेट म्हणजे नखाएवढा पितळी स्क्रू आणि त्याच्या मधोमध आरपार एक बारीक भोक. गाडी पळत असताना लागणारे सगळे पेट्रोल त्या भोकातूनच जाते. कारखान्यात जाड चष्म्याची एक बाई दिवसभर भिंगातून जेट बघत बसायची आणि मनासारखे नसले की बाजूच्या डब्यात टाकायची. तिच्या तावडीतून सुटलेला एकशे वीस नंबरचा जेट माझ्या वाट्याला आला. मला त्याचा फार अभिमान होता.

मी ज्या गाडीत बसलो तिचे नाव ठमी. पुढून गोल, मागून गोल आणि चढ दिसला की आधी थोडी कुरकुरणारी. नाव ठेवले ते मालकांच्या लेकीने. ती ठमीतच गाडी चालवायला शिकली आणि पुढे टेकडीवरच्या शाळेत शिक्षिका झाली. सगळे तिला बाई म्हणत, म्हणून मीही बाईच म्हणतो. बाई रोज सकाळी ठमी घेऊन टेकडी चढत आणि संध्याकाळी उतरत. अशी कितीतरी वर्षे गेली आणि त्यात मी त्यांना एकदाही वाटेत उतरवले नाही.

माझी देखभाल करणारा मिस्त्री अस्सल कारागीर होता. त्याचे गॅरेज म्हणजे एक लांबट खोली, मध्ये गाडीखाली उतरायचा खड्डा, एका भिंतीला पत्र्याचे कपाट आणि खिडकीखाली घासलेटाचे तसराळे. त्या तसराळ्यात तो मला जुन्या दात घासायच्या ब्रशने न्हाऊ घालायचा. इंजिन जुळवून झाले की त्यावर पाण्याचा पेला ठेवायचा. पेल्यातले पाणी स्थिर राहिले तरच गाडी बाहेर जायची. आणि त्याचा एक नियम होता. तो हाताखालच्या प्रत्येकाला दरडावून सांगायचा, "जेटला तार दाखवायची नाही. फुंकर मारायची. फुंकरीनं नाही निघालं तर पुन्हा फुंकर मारायची. ज्याच्या फुप्फुसात दम नाही त्यानं दुसरा धंदा बघावा."

हा नियम बरोबरच होता. पितळ मऊ असते आणि तार पोलादी. एकदा तार फिरली की भोक केसभर का होईना रुंदावते आणि मग नंबर छापलेला एक आणि पेट्रोल जाते दुसरेच.

आता मी तुम्हांला तो दिवस सांगतो. भर दुपारी बाईंच्या वडिलांच्या छातीत दुखायला लागले. बाईंनी त्यांना मागच्या सीटवर निजवले आणि दवाखान्याकडे निघाल्या. अर्ध्या चढावर माझा जेट तुंबला. पेट्रोलची रबरी नळी जुनी होऊन आतून झडत होती, तिचाच एक कण भोकात अडकला. ठमीने दोन आचके दिले आणि ती थांबली. कोपऱ्यावरच्या दुकानातून बाईंनी मिस्त्रीला फोन केला. तो सायकल हाणत आला, मला रस्त्यातच उघडले आणि जेट काढून फुंकर मारली. एकदा मारली, तीनदा मारली, दहादा मारली. कण हलेना. मागे म्हातारा कण्हत होता. मिस्त्रीने इकडेतिकडे पाहिले, सायकलच्या ब्रेकच्या केबलमधला एक पोलादी धागा उपटला आणि माझ्या जेटमध्ये घातला.

कण निघाला. ठमी चालू झाली. म्हातारा वाचला आणि पुढे नऊ वर्षे जगला. त्या दिवशी मिस्त्रीने जे केले त्याबद्दल मी आजही त्याला दोष देत नाही. जिवापुढे जेट काय चीज! त्याने दुसऱ्या दिवशी मला नवा जेट बसवला असता तर ही गोष्ट इथेच संपली असती.

पण त्याने बसवला नाही. उलट तो धागा त्याने शर्टाच्या खिशात ठेवला. वेळेला धावून आलेली वस्तू टाकवत नाही, तसे त्याचे झाले. नंतर जेटमध्ये थोडे काही अडकले की तो दाराकडे पाठ करून धागा काढायचा आणि एका झटक्यात काम उरकायचा. असे आणखी तीनदा झाले. माझे गोल भोक लांबट झाले. माझे माप चुकले आणि मला त्याची भयंकर लाज वाटू लागली.

ठमी काळा धूर सोडू लागली. मिस्त्रीला कारण कळायला हवे होते, पण ते कारण त्याच्याच खिशात होते ना! त्याने काय करावे? माझ्या फ्लोटची पितळी पट्टी वाकवून पेट्रोलची रेषा खाली आणली, म्हणजे जेटला कमी पेट्रोल मिळेल. त्याने धूर थोडा कमी झाला, पण गेला नाही. मग बाई विचारायला आल्या तेव्हा तो म्हणाला, "बाई, गाडीत काही नाही. तुमचा पाय जड आहे. पेडल जरा हळू दाबत चला."

मिस्त्रीच्या शब्दापुढे बाई काय बोलणार? त्यांनी पातळ चपला घेतल्या. मग अनवाणी पायाने गाडी चालवून पाहिली. धूर तसाच. शाळेतल्या शिक्षकांनी चेष्टा सुरू केली, "धूर दिसतोय, म्हणजे बाई चढावर आल्या." शेवटी बाईंनी गाडी भाच्याच्या हाती दिली. त्याच्याही हाती धूर निघाला, तेव्हा मिस्त्री म्हणाला, "भाच्याचा पाय मावशीवर गेलाय." सगळे हसले, बाईही हसल्या. मला मात्र त्या दिवशी हसू आले नाही. त्यानंतर बाईंनी चाक हातात घेतले नाही. भाचा नसला की त्या टेकडीवर पायी जात.

बाई निवृत्त झाल्या, भाचा दुसऱ्या गावी गेला आणि ठमी शेडमध्ये ताडपत्रीखाली उभी राहिली. माझ्या पोटातले पेट्रोल सुकले आणि त्याचा पिवळट, चिकट थर सगळीकडे बसला. माझी झडप अडकली. एका कोळ्याने माझ्या हवेच्या तोंडाशी संसार थाटला. कितीदा वाटले, ओरडून सांगावे. पण मित्रांनो, माझे तोंड हवा आत घ्यायला दिलेले आहे, बोलायला नाही.

मग नवा नियम निघाला. जुन्या गाड्यांनी धुराची तपासणी पार करायची, नाहीतर त्या मोडीत काढायच्या. ठमीला पुन्हा गॅरेजात आणले. तोवर मिस्त्री थकला होता. त्याचे हात थरथरत, म्हणून गॅरेज त्याची थोरली लेक चालवत होती आणि तो दाराशी खुर्ची टाकून हुकूम सोडायचा. माझी झडप वरवर सोडवून थोरलीने ठमी कशीबशी चालू केली, पण ती पहिल्या तपासणीत नापास झाली. दुसऱ्या तपासणीतही नापास झाली. तिसरी आणि शेवटची शुक्रवारी होती.

सोमवारी बाई स्वतः आल्या. थोरलीला म्हणाल्या, "शुक्रवारी जमलं नाही, तर भंगारवाल्याकडे मीच घेऊन जाईन हो तिला. दुसऱ्या कुणी ओढत नेलेली मला बघवणार नाही. तू वाईट वाटून घेऊ नकोस. माझ्याच पायानं तिची ही दशा केलीय."

बाई गेल्यावर थोरलीने बाह्या सारल्या आणि ती म्हणाली, "बाबा, ह्या वेळी मी कार्बोरेटर पहिल्यापासून करणार आहे. पुस्तक उघडून."

"पुस्तकानं कधी गाडी चालवलीय?" खुर्ची म्हणाली, म्हणजे मिस्त्री म्हणाला.

तिने मला इंजिनावरून उतरवले, कोळ्याचे उरलेले जाळे हलकेच पुसून काढले आणि माझा एकेक भाग पांढऱ्या कापडावर ओळीने मांडला. चिकट थर काढण्यात तिची अख्खी दुपार गेली. प्रत्येक वाटेत तिने फुंकर मारली, गाल लाल होईपर्यंत. वडिलांची शिकवण तिने तंतोतंत पाळली होती, आणि हे बघून मला बरेही वाटले आणि वाईटही.

मग तिने फ्लोटची उंची मोजपट्टीने मोजली आणि तिच्या कपाळाला आठी पडली. "बाबा, ही पट्टी कुणी वाकवली? फ्लोट केवढा खाली बसलाय!"

"असेल कुणीतरी," मिस्त्री रस्त्याकडे बघत म्हणाला.

तिने पट्टी सरळ केली, नवे गॅस्केट घातले आणि मला परत बसवले. माझे नट तिने समोरासमोरचे थोडे थोडे आवळत नेले, म्हणजे मी कुठे तिरका बसायला नको. इंजिन चालू करून चांगले तापू दिले. मग मिश्रणाचा स्क्रू हळूहळू आत फिरवला. इंजिन अडखळले. तसा तो बाहेर घेत घेत, आवाज गोल आणि एकसारखा लागला तिथे थांबवला. पाण्याचा पेला ठेवला. पाणी हलले नाही. थोरलीच्या चेहऱ्यावर हसू आले आणि तिने पेडल दाबले.

मागून काळाकुट्ट धूर आला. पहिल्यापेक्षा जास्त!

"सांगत होतो," मिस्त्री खुर्चीतून अर्धा उठला. "होतं ते बिघडवलंस. फ्लोट परत खाली घे."

आता गंमत बघा, मित्रांनो. तिने केले ते सगळे बरोबर होते. एका चुकीवर दुसऱ्या चुकीचे पांघरूण घातलेले होते आणि तिने ते पांघरूण ओढले, म्हणून पहिली चूक उघडी पडली. मला हे पक्के ठाऊक होते. मी मनात म्हणत होतो, पोरी, मागे फिरू नकोस.

ती फिरली नाही. "पुस्तकात आहे तसंच राहील," ती म्हणाली. मंगळवारी तिने हवेची जाळी बदलली, प्लग काढले. चारही प्लग काजळीने माखलेले. ते साफ केले, ठिणगीची वेळ तपासली, चोकची झडप पूर्ण उघडते की नाही ते दिव्याने पाहिले. प्रत्येक गोष्टीनंतर इंजिन चालू करायचे, पेडल दाबायचे आणि मागे जाऊन धूर बघायचा. अकरा वेळा तिने असे केले. संध्याकाळी तिच्या हाताला घासलेटाने भेगा पडल्या होत्या. मिस्त्री म्हणाला, "पुरे आता. म्हाताऱ्या गाडीला किती छळशील?"

"शुक्रवारपर्यंत छळीन," ती म्हणाली.

बुधवारी सकाळी ती माझ्यासमोर स्टूल घेऊन नुसती बसली. बराच वेळ बसली. मग स्वतःशीच म्हणाली, "उभी असताना धूर नाही. पाय दिला की धूर. म्हणजे हळू चालायची वाट ठीक आहे आणि पळायची वाट बिघडलीय." तिने माझी टाकी उघडली, जेट काढला आणि नंबर वाचला. एकशे वीस.

"नंबर बरोबर आहे ना? मग झालं तर," मिस्त्री घाईने म्हणाला.

"नंबर बरोबर आहे. भोक बरोबर आहे का ते बघते."

ती सुट्या भागांच्या दुकानात जाऊन एकशे वीसचा नवा जेट घेऊन आली. प्लास्टिकच्या एका बाटलीचा तळ कापला, ती उलटी टांगली आणि तोंडाला रबरी नळीने नवा जेट बसवला. बाटलीवर पेनाने रेघ मारून तिथवर पाणी भरले आणि ते संपायला किती वेळ लागतो ते मोजले. दोन मिनिटे चार सेकंद. मग माझा जेट बसवला. तेवढेच पाणी एक मिनिट बेचाळीस सेकंदांत संपले.

ती धावत वडिलांकडे गेली. "बाबा, तुम्ही मोजा. माझं चुकत असेल."

मिस्त्रीने घड्याळ मांडीवर ठेवले. हात थरथरत होते, पण डोळे अजून चांगले होते. दोन्ही जेटचे पाणी त्याने शेवटच्या थेंबापर्यंत पाहिले. नवा, दोन मिनिटे चार. जुना, एक मिनिट बेचाळीस.

"तार घातलीय कुणीतरी," थोरली म्हणाली. तिचा आवाज रागाने चढला होता. "कुणी मूर्खानं ह्यात तार घातलीय! आपल्याकडे तर कुणी घालणार नाही. बाबा, गाडी कधी दुसऱ्या गॅरेजात गेली होती का?"

मी उघड्या पोटाने ठमीत बसलो होतो आणि मिस्त्रीच्या तोंडाकडे बघत होतो. 'हो, गेली होती' एवढे म्हटले की त्याची सुटका होती. पण त्याने काठी घेतली आणि तो घरी गेला.

गुरुवारी तो थोरलीच्याही आधी येऊन बसला होता. ती आत आली तसा म्हणाला, "तार मी घातली."

तिला आधी कळलेच नाही. "काय?"

"जेटमध्ये. एकदा नाही, चारदा. पहिल्यांदा बाईंचे वडील मागे निजले होते तेव्हा. नंतर तीनदा... नंतर काही कारण नव्हतं. सवय."

"आणि फ्लोट?"

"तोही मीच."

थोरली स्टुलावर बसली. तिचे डोळे भरून आले होते, पण आवाज भरला नाही. "मग तीन दिवस मला कशाला शोधायला लावलंत? मी प्लग घासत होते, ठिणगी बघत होते, आणि तुम्ही तिथं बसून बघत होतात!"

"मला वाटलं, तुला नाही सापडायचं."

मला वाटले, आता ती काठी उचलून फेकते की काय! पण ती उठली, नवा जेट उचलला, फुंकर मारली आणि माझ्या पोटात बसवला. खरे सांगतो, इतक्या वर्षांनी मी पोटभर श्वास घेतला. काम करता करता, मान वर न करता ती म्हणाली, "गाडीचं माझं काम मी केलं. बाईंना तुम्ही सांगायचं. ते मी करणार नाही."

"गाडी पास होऊ दे आधी. मग बघू."

"पास झाली तरी सांगायचं, नापास झाली तरी सांगायचं."

शुक्रवारी थोरलीने ठमी चालवली. मिस्त्री तिच्या शेजारी, बाई मागे. बाईंनी गाडीची कागदपत्रे मांडीवर घट्ट धरली होती. तपासणी केंद्रात रांग होती. आमचा नंबर आला तेव्हा तपासनीसाने मागच्या नळीत कांडी घातली आणि म्हणाला, "दाबा पेडल. आणखी दाबा." थोरलीने दाबले. मी माझे सगळे बळ एकवटले. पेट्रोलचा एक थेंबही जास्त जाऊ द्यायचा नाही, असा मी निश्चयच केला होता. तपासनीसाने यंत्रावरचा आकडा पाहिला, यंत्रावर टिचकी मारली, पुन्हा पाहिला. "ही तीच गाडी ना? मागच्या खेपेला डोळे चुरचुरले होते माझे." आणि त्याने कागदावर शिक्का मारला.

बाई टाळ्या पिटत खाली उतरल्या. खिडकीतून हात घालून थोरलीचा खांदा थोपटत राहिल्या. सगळे आनंदात होते आणि मिस्त्रीला गप्प बसणे आता कधी नव्हे इतके सोपे होते. थोरलीने इंजिन बंद केले, किल्ली मुठीत धरली आणि वडिलांकडे पाहत राहिली.

मिस्त्री काठी टेकत उतरला. "बाई, तुमचा पाय जड नव्हता."

"काय म्हणालात?"

"धूर माझ्यामुळं येत होता. मी जेटमध्ये तार घातली होती. तुम्हांला सांगायची लाज वाटली, म्हणून तुमच्या पायावर ढकललं."

बाईंचे हसू हळूहळू मावळले. "किती वर्षं?"

"एकोणीस."

"एकोणीस वर्षं मी ह्या पायाला शिव्या दिल्या, मिस्त्री," बाई म्हणाल्या. त्यांचा आवाज शाळेत असायचा तसा झाला होता. "तुम्ही माझे वडील वाचवलेत, ते मी विसरणार नाही. पण हेही विसरणार नाही."

"विसरू नका," मिस्त्री म्हणाला. त्याने मान खाली घातली होती.

बाईंनी थोरलीपुढे हात केला. "किल्ली दे. आणि मिस्त्री, तुम्ही मागं बसा."

त्या चाकामागे बसल्या. सीट पुढे ओढली, आरसा वळवला, आणि पेडलवर पाय ठेवून क्षणभर थांबल्या. त्या पायाचा भार किती हलका होता, हे मला माझ्या झडपेच्या दांडीतून कळत होते. मग त्यांनी पेडल दाबले. चांगले जोरात दाबले. ठमी केंद्राच्या फाटकातून बाहेर पडली आणि टेकडीच्या रस्त्याला लागली. अर्ध्या चढावर बाईंनी आरशात मागे पाहिले. मागे मोकळा रस्ता होता. बाई रडत होत्या, पण त्यांनी पाय उचलला नाही.

मित्रांनो, आमच्यासारख्या जुन्या यंत्रांना फार काही लागत नाही. स्वच्छ पेट्रोल द्या, वेळेवर जाळी बदला, भोकात काही अडकले तर फुंकर मारा. अगदीच जिवावर बेतले तर तारही घाला, मी रागावणार नाही. पण दुसऱ्या दिवशी नवा जेट बसवा. आणि आपली चूक झाकायला तुम्ही कोणाला दोष दिला असेल, तर त्याच्याकडे त्याच दिवशी जा आणि खरे सांगा. तुम्हांला धीर यायची तो वाट बघत बसत नाही. तो तुमच्यावर विश्वास ठेवतो आणि गाडी चालवायचे सोडून देतो.